गोळीबाराच्या जागेला ‘राष्ट्रीय स्मारक’ म्हटल्याने नेमके काय बदलते?

दूरदेशी :

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी फ्लोरिडात, ऑर्लँडोजवळ राहतो. १२ जून २०१६ च्या पहाटे येथील ‘पल्स’ या नाइटक्लबमध्ये एका बंदूकधाऱ्याने ४९ जणांना ठार केले. समलिंगी समाजाची ती हक्काची जागा होती आणि मृतांत बहुतेक जण लॅटिन अमेरिकी वंशाचे, ऐन तारुण्यातले होते. २५ जून २०२१ रोजी अध्यक्ष बायडेन यांच्या सहीने त्या जागेला ‘नॅशनल पल्स मेमोरियल’ असे नाव देणारा कायदा झाला. त्या दिवशी कचेरीत सर्वांना बरे वाटले, मलाही वाटले.

पुढे सवडीने कायद्याचा मजकूर वाचला, तेव्हा मात्र बुचकळ्यात पडलो. मजकूर पानभरसुद्धा नाही. ही जागा राष्ट्रीय उद्यान व्यवस्थेचा भाग समजली जाणार नाही आणि तिच्यासाठी केंद्राचा पैसा खर्च होणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मग मिळाले काय? स्मारक उभारण्याचे काम ज्या खासगी प्रतिष्ठानाने अंगावर घेतले होते, ते पुढे बासनात गेले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शहर प्रशासनाने ती जागा २० लाख डॉलरना विकत घेतली. म्हणजे दर्जा वॉशिंग्टनने दिला आणि भार गावाने उचलला.

भारतात अशा घटनेसाठी संसदेने स्वतंत्र कायदा केल्याचे एकच उदाहरण मला ठाऊक आहे, ते म्हणजे जालियनवाला बाग. त्या कायद्याने बागेला नावापलीकडे काही दिले का? दिले असल्यास काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. माझ्या मुलीने “नुसतं नाव दिलं तर काय झालं?” असे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही, हे या प्रश्नामागचे खरे कारण.

कलमवाचक :

आपण दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवलीत हे चांगले झाले, कारण त्यांचा क्रम नेमका उलटा आहे. आपल्या ऑर्लँडोत नाव आधी आले आणि जमीन मागाहून. अमृतसरला आधी जमीन आली, मग कायदा आणि सर्वांत शेवटी स्मारक.

हत्याकांड १३ एप्रिल १९१९ चे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन अमृतसरलाच भरले. पुढे लोकवर्गणी काढून १९२० मध्ये ती जागा मूळ मालकांकडून विकत घेण्यात आली. ज्या सरकारने गोळ्या घातल्या तेच राज्यावर असताना ही खरेदी झाली, हे विसरू नये. तेव्हा ती जागा राखण्यासाठी सरकारदरबारी दर्जा मागण्याची सोयच नव्हती. मालकी हातात घेणे हाच एक मार्ग होता आणि लोकांनी तो पत्करला.

त्यानंतर ३१ वर्षांनी, १९५१ मध्ये, संसदेने ‘जालियनवाला बाग राष्ट्रीय स्मारक अधिनियम’ केला. १३ एप्रिल १९१९ रोजी बागेत मारल्या गेलेल्या व जखमी झालेल्या लोकांची स्मृती टिकवण्यासाठी राष्ट्रीय स्मारकाची उभारणी व व्यवस्थापन करणे, असा त्याचा उद्देश आहे. यातील ‘उभारणी’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. कायद्याच्या डोळ्यांसमोर जे स्मारक होते ते तेव्हा अस्तित्वात नव्हते. अमेरिकी वास्तुविशारद बेंजामिन पोक यांच्या आराखड्यानुसार लाल दगडाचा स्तंभ उभा राहिला आणि १३ एप्रिल १९६१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी त्याचे उद्घाटन केले. भिंती, विहीर आणि बोळ या स्मारकाच्या भोवती होत्या. कायद्याच्या लेखी त्या स्मारक नव्हत्या.

आता कायद्याने काय दिले ते सांगतो. त्याने एक विश्वस्त मंडळ दिले आणि बाग त्याच्या हाती सोपवली. जवाहरलाल नेहरू, सैफुद्दीन किचलू आणि मौलाना आझाद यांची नावे मूळ कायद्यातच होती. त्यांच्याबरोबर काँग्रेसचे अध्यक्ष, पंजाबचे राज्यपाल व मुख्यमंत्री आणि केंद्राने नेमलेले तिघे. २००६ च्या दुरुस्तीने पंतप्रधान अध्यक्षस्थानी आले आणि सांस्कृतिक मंत्री व लोकसभेतील विरोधी पक्षनेते यांना जागा मिळाली. २०१९ च्या दुरुस्तीने काँग्रेस अध्यक्षांना वगळले, विरोधी पक्षनेता नसल्यास सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाच्या नेत्याला घेतले आणि नेमलेल्या विश्वस्ताला मुदतीआधी काढण्याचा अधिकार केंद्राला दिला. दोन्ही वेळा फेरफार झाला तो खुर्च्यांचा. विटांविषयी कोणी बोलले नाही.

बोळातला माणूस :

वरील प्रतिसादातील शेवटच्या वाक्याला मी डोळ्यांनी पाहिलेली जोड देतो.

बागेत मी दोनदा गेलो, २०१२ मध्ये आणि २०२२ मध्ये. पहिल्या खेपेस दोन उंच भिंतींमधल्या त्या बोळातून आत शिरताना पुढच्या माणसाची पाठ आणि बाजूच्या विटा एवढेच दिसत होते. माझ्या पिशवीचा बंद विटेच्या कडेला अडकला, म्हणून मी थांबलो, तर मागून येणाऱ्या दहा-बारा जणांनाही थांबावे लागले. बोळ किती अरुंद आहे हे कोणी सांगावे लागले नाही.

हा अरुंदपणा इतिहासात पुरावा म्हणून नोंदलेला आहे. जनरल डायरने ५० रायफलधारी शिपाई आत नेले, पण मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती मोटारी बोळात शिरेनात, म्हणून त्या बाहेर ठेवाव्या लागल्या. हंटर समितीपुढे सर चिमणलाल सेटलवाड यांनी त्याला या मोटारींविषयी छेडले, तेव्हा त्या आत जाऊ शकल्या असत्या तर बहुधा मशीनगन चालवल्या असत्या, असे त्याने कबूल केले. आत जे घडले ते १,६५० फैरींचे आणि सुमारे दहा मिनिटांचे. बोळ आणखी दोन हात रुंद असता तर काय झाले असते, याची साक्ष त्या विटा देत होत्या.

नूतनीकरणानंतर, म्हणजे २८ ऑगस्ट २०२१ रोजी बाग पुन्हा खुली झाल्यावर, त्या बोळाच्या भिंतींवर माणसांची उठावशिल्पे आली आहेत. हसणारे, चालणारे, मेळ्याला निघालेले लोक. पायाखाली नवी फरसबंदी आहे, विहिरीभोवती काच आहे, बाहेर पडण्याची वाट वेगळी केली आहे, आणि संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा खेळ होतो. शिल्पे वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु २०२२ मध्ये माझ्या पुढची मंडळी शिल्पांशेजारी उभी राहून छायाचित्रे काढत होती आणि बोळ अरुंद असल्याची तक्रार करत होती. माझ्या मते राष्ट्रीय दर्जाने या जागेचे जे नुकसान केले ते हेच : जागा महत्त्वाची ठरली की ती सजवलीच पाहिजे, असे आपल्याला वाटू लागते.

साधा नागरिक :

विनम्रपणे असहमत. भिंतींची झीज होत होती, आत येणाऱ्या शाळकरी मुलांना काय घडले ते समजावे अशी सोय फारशी नव्हती, आणि दुरुस्ती करणे हे विश्वस्तांचे कामच आहे. बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा असलेली भिंत आजही पाहता येते. शिल्पांबाबत आपली नाराजी मला समजते, पण ती अभिरुचीची तक्रार आहे. तिचे खापर दर्जावर फोडू नये. दर्जा नसता तर बाजाराच्या गर्दीत ती जागा कधीच गडप झाली असती.

दूरदेशी यांच्या कन्येच्या प्रश्नाकडे मी वेगळ्या बाजूने पाहतो. सरकारने मृतांना ‘राष्ट्राचे’ म्हणणे, ही त्यांच्या बाजूने दिलेली कबुली असते. जालियनवाल्यात सरकारी आकडा ३७९ चा, तर काँग्रेसच्या चौकशीत अंदाज सुमारे १,००० चा. त्या चौकशीसाठी गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी १,७०० हून अधिक साक्षी तपासल्या व त्यांतल्या ६५० प्रसिद्ध केल्या, कारण सरकारी कागदांवर कोणाचा विश्वास नव्हता. मृतांची नेमकी गणती आजही नाही. ऑर्लँडोच्या ४९ जणांपैकी प्रत्येकाचे नाव पहिल्या आठवड्यातच सर्वांना ठाऊक होते. ज्यांना जिवंतपणी स्वतःच्या घरीही मान मिळत नव्हता, अशा काही जणांना देशाच्या कायद्यात जागा मिळाली, हे पैसा न देताही दिलेले काहीतरी आहे. मी तरी त्याला ‘नुसतं नाव’ म्हणणार नाही.

गिरगावकर :

थोडे आपल्या अंगणातले. हुतात्मा चौकाला कोणताही राष्ट्रीय दर्जा नाही, त्यासाठी संसदेचा कायदा नाही, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले सगळे हुतात्मे तेथेच पडले असेही नाही. फ्लोरा फाउंटनचा गोळीबार २१ नोव्हेंबर १९५५ चा, बाकीचे इतरत्र. हुतात्मे १०५, १०६ की १०७, यावर अजून वाद घालता येतो. तरीही दर १ मे रोजी मुख्यमंत्र्यांना तेथे यावेच लागते. उरलेले दिवस मात्र वाहनांचे. एवढेच नोंदवून थांबतो.

दूरदेशी :

सर्वांचे मनापासून आभार. ‘साधा नागरिक’ यांचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. तिला पटला, मला अर्धा पटला.

येथे इमारत पाडून त्या जागी स्मारक करायचे ठरले आहे. त्याआधी, २०२५ च्या जूनमध्ये, मृतांच्या नातेवाइकांना आणि वाचलेल्यांना आत जाण्याची मुभा देण्यात आली. कॅमेरे बाहेर ठेवून, थोड्या थोड्या जणांच्या गटाने. ही सोय २०२१ च्या कायद्यात कोठेही नव्हती, ती शहराने केली. आपले माणूस नेमके कोठे पडले ते पाहायचे होते, असे काहींचे म्हणणे होते. भिंती गेल्यावर ते दाखवता येणार नाही. त्याच वेळी रोज त्या रस्त्याने कामाला जाणाऱ्या वाचलेल्यांना ती इमारत उभी राहायला नको आहे, हेही मी ऐकले आहे, आणि त्यांच्यापुढे मी जतनाचा युक्तिवाद कोणत्या तोंडाने करावा?

कलमवाचक यांना एक शेवटचा प्रश्न. बोळ आणि भिंती जशा आहेत तशा राखणे बंधनकारक करील, असा दुसरा एखादा कायदा भारतात आहे का?

कलमवाचक :

आहे. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा. त्याखाली एखादी वास्तू ‘राष्ट्रीय महत्त्वाची’ म्हणून अधिसूचित झाली की तिला हात लावणे सोपे राहत नाही आणि भोवतालच्या १०० मीटरांत नव्या बांधकामाला बंदी येते. नावे सारखी वाटली तरी ‘राष्ट्रीय स्मारक’ आणि ‘राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक’ या कायद्याने दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि वर्तमानपत्रे त्यांची सर्रास सरमिसळ करतात.

वास्तू किमान १०० वर्षे जुनी असावी, ही त्या कायद्याची अट. त्या हिशेबाने बोळ, विहीर आणि गोळ्या झेललेल्या भिंती आज पात्र ठरू शकतात. १९६१ चा स्तंभ ठरणार नाही. १९५१ च्या कायद्याखाली बरोबर याच्या उलट स्थिती आहे. मात्र बागेला लागून दाट वस्ती, दुकाने आणि सुवर्ण मंदिराकडे जाणारी वाट आहे. तेथे १०० मीटरांची बंदी घालायला कोणतेही सरकार सहजी धजावेल, असे मला वाटत नाही, आणि दुकानदारांची बाजू ऐकल्याशिवाय त्याला दोषही देता येणार नाही.