प्रतिसाद: आठ महिने झाले तरी गुडघे गरम?

वर विचारलंय, दोन्ही गुडघे बदलून आठ महिने झाले तरी आईंचे गुडघे संध्याकाळी गरम लागतात, सुजतात. बहुतेक वेळा हे नॉर्मलच. सूज पुरती ओसरायला वर्षही लागतं. ताप, वाढती लाली किंवा व्रणातून पाणी दिसलं तर मात्र त्याच दिवशी सर्जनला दाखवा. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची बधिरताही सहसा निरुपद्रवी.

माझ्या सासूबाईंचं खरं अडलं ते मांडीच्या स्नायूंपाशी. फिजिओथेरपिस्ट यायचे थांबले, व्यायामही थांबला. खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हात टेकूनच. आता नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर हळूहळू चालतात. तुमच्या आईंनाही सप्तशृंगी गडावर जाताना पायऱ्यांचा हट्ट नको, रुळांवरून वर नेणारी ट्रॉली आहे की! आणि जेवायला खाली मांडी घालून बसणं सोडायलाच लावा, कितीही कुरकुरल्या तरी.