मदत हवी आहे: वडिलांचा हात वर जात नाही, एमआरआय करायचा का?

कलमबाग_देवगड
वडिलांचा खांदा दुखतोय. इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड ठीक आहे म्हणाले, गोळ्या आणि मलम दिलं. काडीचा फरक नाही. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, उठून ओटीवर बसतात. आंबा उतरवायचे दिवस तोंडावर आलेत. एमआरआय करायचा का आणि कुठे, एवढंच सांगा. घाई आहे.

वेंगुर्ल्याची_माई
फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडलाय. आमच्या ह्यांना अगदी असंच झालं होतं, साखरेमुळे. नारायण तेल कोमट करून चोळा आणि भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायला लावा. वेळ लागतो, पण सुटतो. एमआरआयला पैसे घालू नका.

फिजिओ_रत्नागिरी
माई, एवढ्यावरून निदान नको. कलमबाग, वय किती? कुठला खांदा? साखर आहे? मान वळवल्यावर हाताला मुंग्या येतात? कुठे पडले, हिसका बसला? डावा खांदा असेल आणि चढण चढताना दुखून घाम येत असेल तर आधी ईसीजी काढा, बाकी सगळं नंतर. एक्स-रेत टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, दिसत नाही, त्यामुळे नुसत्या हाडावर जाऊ नका.

कलमबाग_देवगड
61. उजवा. साखर नाही, मान ठीक. पडले नाहीत. मोहोरावर फवारणी करायला कलमावर चढले होते, पाय सटकला तेव्हा उजव्या हाताने फांदी धरून लोंबकळले, मग आपले आपण उतरले. दुखणं त्यानंतरचंच. पण एमआरआयचं कोणीच सांगत नाही.

हर्णैचा_दादा
रापणीचं जाळं ओढून ओढून आमच्याकडे कितीजणांचे खांदे गेलेत. मी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं, हात मोकळा झाला. तेच द्या, हंगाम निघून जाईल.

फिजिओ_रत्नागिरी
दादा, तुमची सूज असेल, ती इंजेक्शनने बसते. इथे सगळं अंग एका हाताला लटकलं होतं. टेंडन फाटलं असेल तर इंजेक्शनने दुखणं दबेल आणि ते पुन्हा आंबे उतरवायचा झेला उचलतील.

कलमबाग, वडिलांना बसवा. हात सैल सोडायला सांगा आणि तुम्ही हळूच वर न्या. मग कोपर वाकवून अंगाला चिकटवा आणि मनगट धरून कोपरापुढचा हात बाहेरच्या बाजूला वळवा. फ्रोझनमध्ये दुसऱ्यानेही हात वळत नाही. फाट असेल तर तुम्ही नेलात की जातो, त्यांना स्वतःला पेलत नाही. दुखलं की थांबा, जोर नको.

पुण्यातला_चाकरमानी
खुर्चीची उंची आणि माउसची जागा बदलल्यावर माझा खांदा थांबला. देवगडची पेटी यंदा काय भावाने जाईल?

वेंगुर्ल्याची_माई
भावाचा वेगळा धागा काढा हो. माणूस रात्रभर जागा आहे तिथे.

कलमबाग_देवगड
करून पाहिलं. मी धरून नेला तर हात कानापर्यंत जातो, मनगटही बाहेर वळतं. खांद्याच्या रेषेत आणून हळूच सोडला तर धपकन खाली आला. चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने घेतात, हे आज लक्षात आलं.

फिजिओ_रत्नागिरी
मग मला फाटीचीच शंका आहे, बहुधा सुप्रास्पिनेटस, खांद्याच्या माथ्यावरून जाणारं टेंडन. आता थांबू नका. हिसक्याने पूर्ण फाटलेलं टेंडन मागे सरकतं, स्नायू सुकून त्यात चरबी भरते, मग शिवणं कठीण होतं. अर्धवट फाट असेल तर बहुतेक वेळा व्यायामावर भागतं, पण तीनेक महिने धीर हवा. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना हात तपासू दे, लटकल्याचं आवर्जून सांगा. खांद्याची सोनोग्राफी करणारा जाणकार असेल तर तीही चालते, नाहीतर एमआरआय. साठीनंतर न दुखणाऱ्या खांद्यातही फाट दिसते, म्हणून नुसता रिपोर्ट घेऊन ऑपरेशनला धावू नका. तोवर हात गळ्यात बांधून ठेवू नका, आखडेल.

हर्णैचा_दादा
पटलं. इंजेक्शनचं तज्ज्ञांनाच ठरवू दे.

कलमबाग_देवगड
उद्या सकाळी कणकवलीला नेतो, तिथे नाही जमलं तर गोव्यात बांबोळीला मेडिकल कॉलेजात. त्यांना झाडावर चढू देणार नाही. जामसंडे भागात आंबे उतरवणारा जाणता गडी कोणाच्या ओळखीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.