विषय: भारतातली फाइल आणि अमेरिकेतला नवा सायकियाट्रिस्ट

नमस्कार मंडळी,
वहिनी कायमच्या इकडे आल्या आहेत. डिप्रेशनची नऊ वर्षांची जाडजूड फाइल आहे. नव्या डॉक्टरांना तशीच द्यावी का?

*

दादा, फाइल न्या, पण वर एक टाइप केलेलं पान लावा. पहिल्या भेटीत नऊ वर्षं कोणी चाळत नाही. एका औषधाला एक ओळ: मूळ औषधाचं नाव, जास्तीत जास्त डोस, किती आठवडे घेतलं, फरक काय, बंद का केलं. आठवडे विसरू नका. मळमळ झाली म्हणून दहा दिवसांत सोडलेली गोळी 'लागू पडली नाही' अशी लिहिली, तर चांगलं औषध उगाच बाद होतं.

भारतातले ब्रँड इथे कळत नाहीत. नेक्सिटो म्हणजे एसिटालोप्राम, इथलं लेक्साप्रो. मात्र 'नेक्सिटो प्लस'मधला प्लस म्हणजे क्लोनाझेपाम, घबराट कमी करणारं, सवय लागणारं दुसरं औषध! तो पानावर आला नाही तर इथे नुसतं एसिटालोप्राम मिळेल आणि रोजचं क्लोनाझेपाम एकदम तुटेल. मग झोप उडते, हात थरथरतात, कधी फिटही येते. स्ट्रिपच्या मागे घटक छापलेले असतात, त्याचा फोटो न्या.

*

थोडी भर. 1-0-1 इथे चालत नाही. 'सकाळी एक, रात्री एक' असं लिहा. आपली 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, इथे ती उजवा डोळा नाहीतर ओव्हरडोस! तारखेत महिना अक्षरी लिहा, नाहीतर 3 एप्रिलचा 4 मार्च होतो.

लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) असेल तर रक्तातली त्याची शेवटची पातळी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) जोडा. पातळीचं रक्त शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी देतात. गोळी घेऊन गेलं की आकडा फुगतो. गुडघेदुखीसाठी घेतलेली आयबुप्रोफेनही सांगा, तिने लिथियम वाढतं. अश्वगंधाही लपवू नका.

माहेरच्या कुणाला बायपोलर (कधी अति उत्साह, कधी नैराश्य असा आजार) होता का, कुणी आत्महत्या केली का, हे स्पष्ट लिहा. नाव नको, नातं पुरे. 'मामा जरा तापट होते' यातून डॉक्टरांना काही कळत नाही. आणि दुभाषे तुम्ही होऊ नका. दिरासमोर वहिनी मरणाचे विचार बोलणार नाहीत. अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषा मागा, फोनवरही चालतो.

*

धन्यवाद ताई. भेट सहा आठवड्यांनी आहे, गोळ्या चारच आठवड्यांच्या.

*

अर्ध्या करून पुरवू नका. याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरांना तेच पान दाखवा, मधल्या दिवसांचं प्रिस्क्रिप्शन मागा.