ब्रोकरेज शून्य, मग नऊशेतले पन्नास गेले कुठे?

बार्शीची_वैशाली: नमस्कार मंडळी. मी औषधाच्या दुकानात कामाला आहे. महिन्याला दोन हजार बाजूला पडतात, त्यातून मोबाइलवर शेअर घेते. डिलिव्हरीला, म्हणजे शेअर घेऊन ठेवायला, ब्रोकरेज (दलाली) शून्य, म्हणून हे खातं काढलं. परवा घरात नड होती म्हणून तीन कंपन्यांचा एकेक शेअर विकला, प्रत्येकी तीनशेच्या आसपासचा. हातात आले साडेआठशेच्याही आत. कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये (सौद्याच्या पावतीत) तर जेमतेम एक-दोन रुपये कापलेले दिसतात!

सांगलीकर_आजोबा: पोरी, कॉन्ट्रॅक्ट नोट राहू दे, ॲपमध्ये लेजर, म्हणजे तुझ्या खात्याचा जमा-खर्च, उघड. 'डीपी चार्जेस' अशा तीन ओळी सापडतील. शेअर विकला की तो तुझ्या डीमॅटमधून (शेअर ठेवायच्या खात्यातून) बाहेर जातो, त्याची ही फी. बहुतेक ठिकाणी जीएसटी धरून पंधरा ते पंचवीस रुपये, आणि ती दर कंपनीमागे, दर दिवसाला. एक शेअर विक नाहीतर शंभर, तेवढीच. घेताना ती लागत नाही. तीनशेच्या शेअरवर अठरा रुपये म्हणजे सहा टक्के गेले की गं! म्हणून विकायचंच झालं तर एकाच कंपनीचे, एकाच दिवशी, सगळे मिळून विकावेत.

आमच्या वेळी कागदी सर्टिफिकेटं पोस्टाने पाठवायचो आणि सही जुळली नाही म्हणून दोन-दोन महिन्यांनी परत यायची. ते दिवस भोगलेत, म्हणून आताची सोय मला फार मोलाची वाटते. पण लेजर दर महिन्याला वाचायचंच.

कोथरूड_७८: आजोबांशी सहमत. सरकारी कर मात्र कुठेही चुकत नाही. हजाराच्या खरेदीवर एसटीटी (शेअरच्या व्यवहारावरचा कर) १ रुपया आणि स्टॅम्प ड्युटी १५ पैसे, बस. ज्यांच्या ब्रोकरला ऑर्डरमागे २० रुपये लागतात, त्यांचे जीएसटी धरून २३ रुपये ६० पैसे जातात. त्यांनी दोन महिन्यांचे पैसे साठवून एकदाच घ्यावेत. उलाढाल कमी असलेल्या शेअरला मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) टाकू नका, लिमिट (आपण ठरवलेल्या भावाची) लावा. घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावातला फरक या सगळ्या खर्चापेक्षा जास्त खाऊ शकतो.

बार्शीची_वैशाली: सापडलं! अठरा-अठराच्या तीन ओळी आहेत, विक्रीच्या दुसऱ्या दिवशीच्या. आणि वर्षाची देखभाल फीपण कापलीय, ती कशाची?

सांगलीकर_आजोबा: तुझ्या नावावर एकच डीमॅट असेल तर ती लागायलाच नको. सप्टेंबर २०२४ पासून चार लाखांपर्यंतच्या शेअरना 'बीएसडीए' (छोट्या गुंतवणूकदारांसाठीच्या साध्या डीमॅट) खात्यात देखभाल फी शून्य आहे. आणखी कुठे डीमॅट काढलंयस का?

बार्शीची_वैशाली: हो आजोबा. बँकेत बचत खातं उघडताना त्यांनीच सोबत एक काढून दिलं होतं. त्यात एकही शेअर नाही.

सांगलीकर_आजोबा: मग ते आधी बंद कर. बंद झाल्याचं पत्र आलं की चालू ब्रोकरला ईमेल टाक, माझं खातं बीएसडीए करा म्हणून. उत्तर काय येतं ते इथे कळव.