जो सुटला त्याला 'बळीचा बकरा' कसं म्हणायचं?

उंबरठा: बायबलच्या जुन्या करारातल्या प्राण्यांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. लेवीय, अध्याय १६. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणून चिठ्ठ्या टाकतात. एक परमेश्वराच्या नावानं कापला जातो. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक अहरोन दोन्ही हात ठेवतो, सगळ्या लोकांची पापं कबूल करतो आणि त्याला रानात सोडून देतात, अजाजेलाकडे. इंग्रजीतला 'स्केपगोट' तो हा दुसरा. मी सवयीनं 'बळीचा बकरा' लिहून मोकळी झाले. संपादकबाईंनी समासात लिहिलंय, "बळी गेला तो पहिला. हा तर जिवंत आहे!" आता?

बोरूबहाद्दर: मुळात ही हिंदीची उसनवारी. मराठी माणूस बळी देतो तो बोकड. निदान 'बळीचा बोकड' करा.

उंबरठा: बोकड केल्यानं तो जिवंत होतो का?

शेरडंवाला: देवाच्या नावानं सोडलेल्या बैलाला आमच्याकडं पोळ म्हणतात. कुणाच्या ज्वारीत शिरला तरी त्याला कुणी काठी लावत नाही. त्या चालीवर 'सोडलेला बकरा' लिहा की.

बोरूबहाद्दर: पोळाला मान असतो हो. याच्या पाठीवर अख्ख्या गावाचं पाप. उलट याला बघून लोक दारं लावतील.

वाळवी: इंग्रजी शब्दाची जन्मकथा बघा. विल्यम टिंडेलनं १५३० साली पंचग्रंथ, म्हणजे जुन्या करारातली पहिली पाच पुस्तकं, इंग्रजीत छापला, त्यात हा शब्द घडवला. 'अजाजेल' हे त्यानं नाव मानलंच नाही. 'एझ' म्हणजे शेळी, 'आझल' म्हणजे निघून गेला, अशी फोड धरली आणि 'निसटलेला बकरा' केला. लॅटिन भाषांतरातही 'धाडलेला बकरा' अशाच अर्थाचा शब्द आहे. दुसरा पक्ष म्हणतो, अजाजेल हा रानातला कुणी पिशाच्च.

आणि संपादकबाईंना सांगा, फार खूश होऊ नका. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, 'योमा' प्रकरणात, त्या बकऱ्याचं पुढं काय होतं ते आहे. लाल लोकरीचा धागा, अर्धा कड्यावरच्या खडकाला, अर्धा शिंगांमध्ये बांधायचा आणि त्याला पाठमोरा ढकलून द्यायचा. अर्ध्या उतारावर येईतो त्याचे तुकडे झालेले असत. म्हणजे बळी नाही, पण सुटकाही नाही.

उंबरठा: अरे देवा. बरं, 'खापर फोडणे' कसं वाटतं? 'माथी मारणे'? दोन्हींत डोकं आहे, अहरोनाचे हात आठवतात.

वाळवी: चपखल! पण त्यात बकरा कुठाय? तुमचा लेख प्राण्यांवर आहे ना?

आगरवाट: आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचे. हा दिवस म्हणजे योम किप्पूर, पण आजी कायम 'दारफळणीचा सण' म्हणायची. पांढरे कपडे, कडक उपास, दार बंद. बाहेरच्या कुणाचा स्पर्शही नको. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. बोरूबहाद्दर चेष्टेत म्हणाले 'दारं लावतील', ते वाचून दचकलेच. बकऱ्याचं मात्र आजी काही बोलल्याचं आठवत नाही. तिच्या लेखी सगळं त्या दारातच होतं.

बोरूबहाद्दर: 'फळणी' म्हणजे फळी! जुन्या दुकानांना रात्री एकेक फळी सरकवून लावायचे, तसं.

वाळवी: आवाज जुळला की व्युत्पत्ती झाली! पुरावा काय?

बोरूबहाद्दर: आमच्या आजोबांचं दुकान. फळ्यांवर खडूनं आकडे घातलेले असत. तीन नंबर चुकीच्या जागी लागली की चार नंबर बसायचीच नाही.

मधलावाडा: मी ख्रिस्ती, म्हणून जरा नव्या करारातलं. योहानाच्या पहिल्या अध्यायात 'जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा'. पाप उचलून नेणं हे काम त्या दुसऱ्या बकऱ्याचं, आणि नेतोय कोकरा! शिवाय वल्हांडणाचं, म्हणजे ज्यूंच्या मिसरातून सुटकेच्या सणाचं, पिल्लू निर्गम १२ प्रमाणे मेंढरांतलं चालतं, तसं शेरडांतलंही. तेव्हा बकरा-कोकरा ही हद्द पहिल्यापासूनच ढिली.

बोरूबहाद्दर: कोकरा नव्हे, कोकरू. ते कोकरू.

मधलावाडा: शाळेत 'ते कोकरू' लिहायचो आणि रविवारी 'तो कोकरा' म्हणायचो. कधी गोंधळ झाला नाही. येशूला 'ते' म्हणू का आता?

शेरडंवाला: आमच्याकडं नर असला की कोकराच म्हणतात. पुस्तकातलं लिंग मेंढराला कोण सांगणार?

उंबरठा: मजकूर उद्या सकाळी द्यायचाय आणि ती जागा अजून कोरी आहे. तूर्त 'पाप लादून सोडलेला बकरा' लिहिते. लांबलचक आहे, पण बाई निदान समासात उद्गारचिन्ह काढणार नाहीत.

बोरूबहाद्दर: लादतात गाढवावर.

आगरवाट: ते दुकानाच्या फळ्यांचं मात्र मला पटतंय. आत्याला विचारून सांगते.