आंब्याखालच्या कोरड्या सावलीत पसरणारं रंगीत पानांचं झुडूप कोणतं लावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मोठ्या आंब्याखाली साधारण १० बाय ६ फुटांची जागा आहे, तिथे जमिनीलगत पसरेल आणि बारा महिने रंग दिसेल असं झुडूप हवंय. तीनदा हात पोळून झालेत म्हणून शेवटी इथे विचारतेय.

दिवसभर सावली, सकाळी तासभर कवडसे पडतात तेवढंच ऊन. आणि सावली आहे म्हणजे ओल असेल असं मला वाटायचं, पण तसं अजिबात नाहीये. मागच्या पावसाळ्यात अर्धा तास चांगला पाऊस पडून गेल्यावर खुरपं घेऊन गेले, वरचा पाचोळा ओला आणि खाली दोन बोटं उकरलं तर माती पिठासारखी कोरडी, त्यात केसांसारख्या बारीक मुळ्यांचं नुसतं जाळं. पाइपने पाणी घातलं तर ते वरच्या वर वाहून बाजूला जातं.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. पहिल्यांदा पिवळा ड्युरांटा लावला, १२ रोपं, आणली तेव्हा लिंबासारखी पिवळीधमक होती, दोन-अडीच महिन्यांत नवीन पानं सगळी साधी हिरवी यायला लागली आणि काड्या उजेडाकडे लांबट होत गेल्या. मग क्रोटन, त्याचा लाल रंग गेला आणि खालची पानं गळून नुसते दांडे राहिले. तिसऱ्यांदा अकॅलिफा लावला तर भर उन्हाळ्यात आम्ही ८ दिवस घरी नव्हतो तेवढ्यात वाळला.

सोडून दिलं असतं, पण सासूबाईंच्या खोलीची खिडकी नेमकी त्याच बाजूला आहे, त्यांना आता फारसं बाहेर येता येत नाही आणि नजरही कमी झालीय, दिवसभर त्या खिडकीतून तेवढीच जागा दिसते. ड्युरांटा पिवळा होता तेव्हा त्या रोज विचारायच्या, आज किती नवीन पानं आली गं? आता विचारत नाहीत. त्यामुळे मला हे नीट करायचंच आहे.

इंटरनेटवर युओनिमसचा फोटो बघितला, झाडाखाली हिरव्या-पिवळ्या पानांची गादीच पसरलेली, ते चालेल का? आणि ओळखीतले एक जण म्हणाले की सगळीकडे फूटभर नवीन माती टाका आणि त्यात लावा, हे बरोबर आहे का? उंची दोन फुटांच्या वर नको, काटे नकोत.

प्रतिसाद १

ताई, आधी ते फूटभर मातीचं मनातून काढून टाका. आंब्याची अन्न-पाणी घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच असतात, त्यांना हवा लागते, वर एवढा ढीग टाकला तर ती गुदमरतात आणि बुंध्याला माती लागून राहिली की साल कुजते. त्यातूनही झाड टिकलंच तर दोन वर्षांत त्याच मुळ्या नवीन मातीत वर चढतात आणि तुम्ही परत होता तिथेच.

युओनिमस फॉर्च्युनी मूळ चीन, कोरिया, जपानकडचं, थंड हवेत ते कोरड्या सावलीत खरंच छान पसरतं, पण कडक गरम उन्हाळा असेल तिथे त्याच्या मागे लागू नका.

रंगाचं म्हणाल तर तुमची निवड नेमकी उलटी झाली. ड्युरांटाचा पिवळा, क्रोटनचा लाल हे रंग भरपूर उजेड मिळाला तरच येतात, सावलीत झाड मिळेल तेवढा उजेड पकडायला पानात हिरवं वाढवतं. सावलीत टिकतात ते पांढऱ्या किंवा पिवळ्या कडांचे, दुरंगी पानांचे प्रकार, कारण त्या कडेला हिरवा रंग मुळातच नीट तयार होत नाही. शिवाय कमी उजेडात लांबून दिसतो तो पांढरा-पिवळाच, गडद लाल-जांभळा सावलीत मिसळून जातो, सासूबाईंसाठी तर हेच बरं. माझ्या मते दुरंगी शेफ्लेरा लावा, छत्रीसारखी पानं असतात तो. मोकळा सोडला तर माणसाच्या वर जाईल पण शेंडे खुडत राहिलात की दोन फुटांत दाट बसतो. एखादी फांदी पूर्ण हिरवी फुटली तर बुडातून काढायची, ती जास्त जोमाने वाढते आणि बाकीच्यांना मागे टाकते.

लावताना मोठी तयार रोपं घेऊ नका, लहान पिशवीतली घ्या. मोठ्या रोपाला खड्डा मोठा लागतो आणि तेवढ्या मुळ्या तुटतात. सगळा वाफा खणायचा नाही, खुरप्याने चाचपत दोन मुळ्यांच्या मधे जागा मिळेल तिथे खड्डा, त्यात कुजलेलं शेणखत. अंगठ्याएवढं जाड मूळ लागलं तर तोडायचं नाही, वीतभर सरकायचं. आणि पाऊस नीट सुरू झाला की लावा, उन्हाळ्यात नको.

प्रतिसाद २

वेडेलिया लावून टाका, पिवळी फुलं येतात, कुठेही वाढतं, काही बघावं लागत नाही.

प्रतिसाद १

नका हो, कृपया. जगातल्या १०० सर्वात घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत वेडेलिया आहे, कांडीला कांडी मूळ धरत बागेबाहेर जातं आणि मग आवरत नाही. फुलंही उन्हातच नीट येतात.

मूळ प्रश्नकर्ती

खूप खूप आभार, कुणी एवढं समजावून सांगितलं नव्हतं. एक सांगायचं राहिलं, घरात मांजर आहे आणि ती प्रत्येक पानाला तोंड लावते. शेफ्लेरा चालेल का? आणि पाणी वाहून जातं त्याचं काय करू?

प्रतिसाद ३

शेफ्लेरा मांजराने चावला तर तोंडाची आग होते, लाळ गळते, उलटी होऊ शकते, म्हणून तुमच्याकडे नको म्हणेन. रिओ म्हणून जांभळ्या पोटाच्या पानांचं झाड मिळतं, त्याचा चीकही त्रासदायक. तुमच्यासाठी स्पायडर प्लांट, पांढऱ्या पट्ट्याचा. झुडूप नाहीये, पण मुळं गाजरासारखी जाड असतात, त्यात पाणी साठतं, एकदा रुजला की कोरड्यात तग धरतो, लोंबणारी पिल्लं मातीला टेकवली की वर्षभरात आपोआप गादी होते. मांजराला विषारी नाही. पानं ती कुरतडेल तेवढं मात्र धरून चाला.

पाण्याचं असं की माती एकदा पार वाळली की पाणी धरतच नाही, झटकून टाकते. झारीने हलकं घाला, दहा मिनिटं थांबा, परत घाला, असं तीनदा. मग लोखंडी सळई खुपसून बघा, ओलं आहे तिथपर्यंत सहज जाते. ८-९ इंच गेली पाहिजे. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा असं मुरवून द्या, पहिलं वर्षभर तरी. वर आंब्याचाच पाचोळा हाताने चुरून दोन-अडीच इंच पसरा, बुंध्यापासून मात्र वीतभर लांब ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती

आज सकाळी एका कोपऱ्यात करून बघितलं. पहिल्यांदा सगळं वाहून गेलं, दुसऱ्यांदा अर्धं, तिसऱ्यांदा थेंबही बाहेर आला नाही. सळई ५ इंच गेली, म्हणजे अजून एक-दोन फेऱ्या लागतील. घरातल्या कुंडीतल्या स्पायडर प्लांटला ७ पिल्लं आहेत, ती पाण्याच्या ग्लासात घालून सासूबाईंच्या खिडकीतच ठेवलीत, पावसापर्यंत त्यांना मुळं फुटतील ना?