ई९० (बीएमडब्ल्यू ३ सिरीज): ड्रिफ्ट करताना स्लाईड मध्येच तुटते, आधी काय बदलू?

बीएमडब्ल्यू ३२५आय, नागपूर. बंद ट्रॅकवर मागचं आतलं चाक नुसतं फिरतं, गाडी सरळ होते. पुढे कॅम्बर (चाकाचा उभा कल; उणे म्हणजे वरची बाजू आत) -१ अंश, चारही टायरमध्ये हवेचा दाब ३२ पीएसआय.

— ओपन डिफ आहे भाऊ (साधा डिफरेन्शियल, मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो). वजन बाहेरच्या चाकावर गेलं की आतलं हलकं होतं आणि मोकळं फिरतं. टू-वे एलएसडी बसव (लिमिटेड-स्लिप डिफ, अ‍ॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडतानाही एका चाकाला मोकळं फिरू देत नाही). डिफ वेल्ड करणं (दोन्ही चाकं कायमची जोडणं) स्वस्त, पण रोजच्या वळणावर टायर घासतात, अ‍ॅक्सलवर ताण येतो. रस्त्यावरच्या गाडीला नकोच.

— मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन. पुढे कॅम्बर -३ ते -४, टो (वरून पाहता चाकांची पुढची टोकं) किंचित बाहेर. मागे कॅम्बर शून्याजवळ, म्हणजे टायरचा पूर्ण पट्टा टेकतो. टो किंचित आत.

— मे महिन्यात सकाळी भरलेली हवा धरून बसू नका. तापमान दर ५-६ अंश सेल्सियस वाढलं की दाब साधारण १ पीएसआय वाढतो. रन संपल्यावर गरम टायरवरच मोजा.